गटाच्या वह्यांचे फोटो ठेवायचे कुठं? क्लाऊडवर की दोघींच्या फोनमध्ये?



२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली, संसार वाहून गेले. त्या दुःखापुढं वही-कागदाचं काय सांगावं! पण पाणी ओसरल्यावर पुन्हा उभं राहायचं असतं आणि तेव्हा गटाचा हिशेब लागतोच. किल्लारी भागातल्या जुन्या बायांना तर हे सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या भिंती कोसळल्या आणि घरात जे होतं ते सगळं ढिगाऱ्याखाली गेलं.

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र म्हणजे नियमित लेखे. बँकेत कर्ज मागायला गेलं की साहेब आधी वह्या बघतो. "मी तीन हप्ते भरलेत", "नाही, दोनच भरलेत" असा वाद झाला तर निकाल कर्ज खतावणीच देते. लोकॉस ॲपवर गटाचे आकडे भरले जातात हे खरं. पण वहीतल्या सह्या, अंगठे आणि ठराव जपायचं काम आपलंच आहे.

म्हणून बऱ्याच गटांत बैठक संपली की लेखापाल ताई वहीच्या पानांचे फोटो काढतात. चांगली सवय आहे. पण पुढं काय? फोटो त्या एकाच फोनमध्ये. फोन हौदात पडला की वर्षाचा हिशेब गेला. काही जणी म्हणतात, "आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो की." पण जुना फोटो उघडायला गेलं की "पुन्हा पाठवायला सांगा" असं येतं, हे तुम्हीही बघितलं असेल. व्हॉट्सॲप हे निरोप पोचवायचं साधन आहे, कपाट नाही.

मग कपाट कोणतं? दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता : क्लाऊड

क्लाऊड म्हणजे कंपनीचं लांबचं गोदाम. आपण सोयाबीन गोदामात ठेवतो आणि पावती घेतो, तसंच हे. फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जातात. पावतीच्या जागी आपलं खातं आणि पासवर्ड. फोन हरवू द्या, घर बुडू द्या, नव्या फोनवर खातं उघडलं की फोटो परत.

गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. पण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींची मिळून ती एकच जागा. ताईंच्या स्वतःच्या खात्यात लेकरांचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो भरले की गटाच्या वहीला जागा उरत नाही. म्हणून गटाचं वेगळं खातं काढा. हिशेब करून बघा : आठवड्याला एक बैठक, बैठकीला सहा पानं, म्हणजे वर्षाला साधारण ३०० फोटो. एक फोटो ३ एमबीचा धरला तर वर्षाला एक जीबीसुद्धा लागत नाही. फक्त वह्याच ठेवल्या तर फुकटची जागा पंधरा वर्षं पुरते.

खोट काय? एक, पासवर्ड एकटीलाच माहीत असतो. ती सासरी गेली, पद सोडलं, रुसली, की कुलूप लागलं. दोन, खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं. तीन, फोटो वर चढवायला रेंज पाहिजे, आणि आपल्या कित्येक वाड्या-तांड्यांवर तिचंच वांधं.

दुसरा रस्ता : फोन ते फोन

इथं मधे गोदामच नाही. आपण घरचं बियाणं थोडं आपल्या कणगीत आणि थोडं बहिणीच्या घरी ठेवतो ना, तसंच. लेखापाल आणि सचिव, दोघींच्या फोनमध्ये एकसारखं फोल्डर. एकीनं फोटो टाकला की दुसरीकडं आपोआप पोचतो. याला सिंक म्हणतात.

यातली मेख घरातल्या राऊटरमध्ये आहे. वाय-फायच्या त्या डब्याची दोन कामं असतात : घराला इंटरनेटशी जोडणं आणि घरातले फोन एकमेकांशी जोडणं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली तर पहिलं काम बंद पडतं, दुसरं चालूच राहतं. म्हणजे इंटरनेट नसतानाही एकाच वाय-फायवरचे दोन फोन आपसात फोटो देऊ-घेऊ शकतात. फक्त डब्याला लाईट पाहिजे.

वेगातही फरक पडतो. पाचशे फोटो म्हणजे दीड जीबी. रेंज कमी असेल आणि सेकंदाला २ मेगाबिटनं वर चढत असतील, तर क्लाऊडवर जायला पावणेदोन तास लागतात. घरातल्या वाय-फायवर ४० मेगाबिटचा वेग मिळाला तर तेच काम पाच मिनिटांचं, आणि डेटा पॅकही खर्च होत नाही.

सगळ्यात सोपं साधन फोनमध्येच असतं : अँड्रॉइडचं क्विक शेअर. बैठकीत शेजारी बसून द्या, राऊटरसुद्धा लागत नाही. पण ते दर वेळी हातानं करावं लागतं. आपोआप व्हायचं असेल तर सिंकथिंग नावाचं फुकट साधन आहे. त्यात दोन्ही फोननी एकमेकांना ओळख देऊन मान्यता द्यावी लागते, तिसऱ्याला आत येता येत नाही. मात्र त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. आता इतर लोक त्याची वेगळी आवृत्ती चालवतात. म्हणून ते माहितगाराकडूनच बसवून घ्या. ग्रामसंघाच्या लॅपटॉपवर ते व्यवस्थित चालतं.

काही राऊटरला मागं पेनड्राइव्ह लावायची जागा असते. तीही सोय आहे. पण वाय-फायचा पासवर्ड अख्ख्या गल्लीला दिलेला असेल तर वह्याही गल्लीला दिसू शकतात. पासवर्ड बदलल्याशिवाय हा खेळ करू नका.

इथंच बहुतेक जणी फसतात

सिंक म्हणजे "एकसारखं ठेवणं". जपून ठेवणं वेगळं. लेखापाल ताईंच्या लेकरानं खेळता खेळता फोल्डर पुसलं, तर सिंक इमानदारीनं सचिवांच्या फोनमधलंही पुसतो! त्याला काय ठाऊक, चुकून पुसलं की मुद्दाम. सिंकथिंगमध्ये पुसलेलं बाजूला ठेवायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. क्लाऊडवरही पुसलेलं कचरापेटीत थोडेच दिवस राहतं.

दुसरी गोष्ट : दोन प्रती एकाच घरात असतील तर ती एकच प्रत समजा. फोन आणि राऊटरचा पेनड्राइव्ह एकाच भिंतीआड असले, तर पूर दोन्ही सोबतच नेतो.

म्हणून कोणतंही साधन घ्या, तीन प्रश्न विचारा :

१. फोन हरवला तर?
२. घरात पाणी शिरलं तर?
३. कुणी चुकून पुसलं तर?

फोन ते फोन सिंक पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो. सचिवांचं घर वरच्या आळीत असेल तर दुसऱ्यालाही देतो. तिसऱ्याला देत नाही. क्लाऊड पहिल्या दोन्हींना देतो, तिसऱ्याला अर्धवट. तिसऱ्याचं उत्तर एकच आहे : दर तीन महिन्यांनी सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवायचे, तारीख लिहायची आणि पेनड्राइव्ह ग्रामसंघाच्या कपाटात ठेवायचा. त्या प्रतीला नंतर कुणी हात लावायचा नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

- गटाच्या नावानं वेगळं खातं काढा. पासवर्ड अध्यक्ष, सचिव आणि लेखापाल तिघींकडं ठेवा. खातं परत मिळवायला लागणारा मोबाईल नंबर दुसऱ्या ताईंचा द्या.
- रेंज नसेल तर बैठक संपायच्या आत सचिवांच्या फोनवर फोटो द्या. रेंज मिळेल त्या दिवशी क्लाऊडवर चढवा.
- आधार आणि बँक पासबुकाचे फोटो या फोल्डरमध्ये ठेवू नका. "लिंक असेल त्या कुणालाही दिसेल" असं ठेवू नका. ओटीपी कुणालाच सांगू नका.
- महिन्यातून एकदा जुना एक फोटो उघडून बघा. आकडे वाचता येतात का, सही दिसते का? उघडत नसेल तर ती प्रत नाहीच असं समजा.
- पदाधिकारी बदलले की त्याच बैठकीत पासवर्ड बदला आणि इतिवृत्तात ठराव लिहा.

कोणता रस्ता चांगला, असं विचाराल तर रेंज बघून ठरवा. पण वही एका ठिकाणी आणि तिचा फोटो दुसऱ्या घरी, एवढं तरी या पावसाळ्याआधी व्हायलाच पाहिजे. दहा-वीस रुपयांपासून जमवलेला पैसा आपला आहे. तो कुणी किती भरला याचा पुरावाही आपल्याच हातात राहू द्या.