तळ्याच्या काठावरील देशी वनस्पती

पाणी व जमीन यांच्या सीमेवरील एक-दोन हात रुंदीचा ओला पट्टा हा तळ्याचा सर्वांत सजीव भाग होय. बेडूक तेथे अंडी घालतात, चतुराची पिल्ले तेथील देठांवर चढून कात टाकतात आणि पाणकोंबडी तेथील दाटीत आसरा घेते. काठ सिमेंटने उभा बांधला की हा पट्टा नाहीसा होतो व पाणी असूनही तळे ओसाड पडते. बेडूक व चतुर हे पिकांवरील किडी व डास खाऊन शेतकऱ्याची मोठी सेवा करतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

देशीच का?

पुण्यातील खडकी हे मुळा नदीकाठचे गाव. मुळेच्या संथ पाण्यावर जलपर्णीचा थर वारंवार पसरतो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. भारतात ती शोभेसाठी आणली गेली. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही व पाण्यातील प्राणवायू घटतो. बागेतील तळे पावसाळ्यात भरून वाहिले की त्यातील रोपे ओढ्यातून नदीस मिळतात. म्हणून जलपर्णी व बेशरम यांना बागेत मुळीच थारा देऊ नये. खडकीजवळचे गणेशखिंड उद्यान १८७३ मध्ये स्थापन झाले व २०२० मध्ये त्यास जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. असा वारसा जपावयाचा, तर घरोघरच्या बागांनीही हातभार लावला पाहिजे.

काठाची रचना

नदीकाठ सोडल्यास या भागात मुरमाड जमीन पुष्कळ आढळते व तीत पाणी मुरते. म्हणून तळाशी काळी चिकण माती ओली करून चांगली चोपावी. निदान एक बाजू सपाट उताराची ठेवावी. म्हणजे पाण्यात पडलेले जनावर वा मूल बाहेर येऊ शकेल. लहान मुले वावरत असल्यास कुंपण अवश्य घालावे. उतारावर एक वीतभर पाण्याची व एक नुसत्या ओल्या मातीची, अशा दोन पायऱ्या कराव्यात.

वनस्पतींची निवड

वीतभर पाण्याच्या पायरीवर वेखंड लावावे. ओल्या मातीत जलब्राह्मी, मंडूकपर्णी व माका चांगले पसरतात. जांभळ्या फुलांचा तालीमखाना काटेरी असल्याने तो वाटेपासून दूर लावावा. वरच्या कडेस वाळा लावल्यास त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात. पुराचे पाणी व उन्हाळ्याचा ताण हे दोन्ही तो सोसतो. पाणकणीस देशी असले तरी फार पसरते. लहान तळ्यात ते कुंडीतच ठेवावे.

लागण व निगा

पुण्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पहिल्या पावसानंतर जमीन भिजताच लागण करावी. वेखंडाच्या मुळकांड्यांचे डोळे असलेले तुकडे, ब्राह्मीचे फाटे व वाळ्याचे ठोंब रोपवाटिकेतून घ्यावेत; ओढ्याचा काठ उपटून आणू नये. शेणखत वा रासायनिक खत पाण्यात घालू नये, कारण त्यामुळे शेवाळ माजते. छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, एका वेळी काठाच्या एक तृतीयांश भागाचीच करावी, म्हणजे प्राण्यांचा आसरा तुटणार नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यास वेखंडास ओल द्यावी.

डासांचा प्रश्न

तळ्यामुळे डास वाढतील, ही शंका रास्त आहे. चतुराची पिल्ले व स्थानिक लहान मासे डासांच्या अळ्या खातात. गप्पी व गंबुशिया हे परदेशी मासे मात्र अशा तळ्यात सोडू नयेत. गंबुशिया बेडकांची पिल्लेही फस्त करतो. डेंग्यूचा डास घरातील उघड्या टाक्या, पिंपे व जुने टायर यांतील पाण्यात विशेष वाढतो. ती भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करणे, हाच खरा उपाय होय.

ग्रामसेवकांनी शाळेच्या आवारात किंवा गावतळ्याच्या एका कोपऱ्यात दहा-बारा हात काठ अशा रीतीने तयार करून दाखवावा. पहिल्या पावसाळ्यातच तेथे बेडकांचा आवाज घुमू लागला की गावास अधिक सांगावे लागणार नाही.