खुर्चीचे माप

मेंदूच्या पक्षाघाताने ज्या मुलाचे स्नायू आखडले आहेत, वैद्यकात ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात आणि सातारा-सांगलीकडच्या आया ज्याला नुसते ‘सीपी’ म्हणतात, त्याला बसविण्यासाठी जी खास खुर्ची करतात, तिच्या बैठकीच्या पुढल्या काठाशी, दोन्ही मांड्यांच्या मधोमध, एक उभी ठोकळी बसविलेली असते. वरवर पाहणाऱ्यास ती निव्वळ अडगळ वाटावी. परंतु साऱ्या खुर्चीचे मर्म तिच्यातच आहे. या मुलांच्या मांड्यांचे आतले स्नायू सतत ओढलेले असल्यामुळे गुडघे एकमेकांवर चढतात, पायांची कात्री होते, खुबा जागचा सरकू लागतो आणि पाठ ताठ होऊन सारा देह बैठकीवरून पुढे घसरतो. ठोकळी गुडघे वेगळे राखते, पट्टा कमर मागे धरून ठेवतो, तळव्यांना खाली फळीचा आधार मिळतो, आणि अशा रीतीने खालचे अंग एकदा निश्चिंत झाले की मग मानेला व हातांना आपापले काम करण्याची सवड होते. जो मुलगा पाचसहा वर्षे आढ्याकडे पाहत पडून होता त्याला माणसांचे चेहरे समोरून दिसू लागतात. घाससुद्धा त्याला बसूनच सुखरूप गिळता येतो. आडव्या मुलाला भरविलेली पेज श्वासनलिकेत उतरून होणारा न्युमोनिया हा या मुलांचा मोठा वैरी आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या कुटुंबांना सातारा-सांगलीकडे कोणाचे व कसले साहाय्य लाभते ते पाहून लिहावे, असे संपादकांनी सुचविले म्हणून मी या जिल्ह्यांत हिंडलो. दप्तरी इतिहास विस्ताराने सांगण्याजोगा नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा 1999 मध्ये झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या 2016 च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. आणि 3 डिसेंबर 2022 पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते आहे. मिरजेला तर वैद्यकीची परंपरा त्याहून कितीतरी जुनी: डॉ. वॉन्लेस यांचे मिशन इस्पितळ 1894 पासूनचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चे, आणि सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली कुटुंबेही दुखणे घेऊन याच गावी येतात. तेव्हा निदान करणाऱ्यांचा या भागात दुष्काळ आहे असे म्हणवत नाही. निदान झाल्यावर मूल घरी परत येते, आणि खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

त्या घरापर्यंत जाणारी सरकारची माणसे थोडी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येणारे तपासणीचे पथक मूल हेरते व जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविते. तेथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवण तपासणारे, मानसशास्त्रज्ञ असे सर्व एका छपराखाली असावेत अशी योजना आहे, आणि ती उत्तम आहे, कारण पहिल्या दोनतीन वर्षांत मेंदू जितका वळतो तितका पुढे वळत नाही. परंतु केंद्रात मिळणारा अर्धा तास आणि घरात काढावयाचे उरलेले साडेतेवीस तास यांच्यामध्ये जी व्यक्ती उभी आहे तिचे पद समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकाचे. जी मुले शाळेत येऊच शकत नाहीत त्यांना गृहाधारित शिक्षण देण्यासाठी हे शिक्षक गट साधन केंद्रातून निघून वाड्यावस्त्यांवर जातात. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात अशा एका बाईंच्या मागोमाग मी फिरलो. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांचीही तशीच इच्छा होती.

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत पुस्तके फार नव्हती. रंगीत मणी, घंटी, जाड दांड्याचा चमचा, शिंप्याची मोजपट्टी आणि अर्जांच्या नमुन्यांचा एक गठ्ठा, एवढा ऐवज. घरात पाऊल टाकताच त्या प्रथम मुलाकडे न पाहता घराकडे पाहत: उंबरा किती उंच, मोरी कोठे, चूल जमिनीवर की ओट्यावर, आई कामाला बसते तेथून मूल दिसते की नाही. मग आईला म्हणत, “वहिनी, रोज कसं उचलता ते करून दाखवा.” आईने काखेत हात घालून दहा वर्षांचा मुलगा वर ओढला, तसे त्याचे पाय ताठ होऊन एकमेकांवर चढले. “तिथं धरू नका. आधी गुडघे दुमडा, एक हात खुब्याखाली, आणि त्याला तुमच्याकडं तोंड करून घ्या. तुमची पाठ गेली तर याला कोण बघणार?” शाळेच्या हजेरीपटावर हा तास मुलाच्या नावे मांडला जातो, पण त्या तासात शिकत होती ती आई. कोणत्याही अहवालात तिच्यासाठी रकाना नाही. मला या सर्व व्यवस्थेविषयी जर एकच गोष्ट सांगावयाची असेल तर ती ही की, ती मुलासाठी उभारलेली आहे आणि आईच्या अंगावर तोललेली आहे.

त्या घरात खुर्ची होती. तिच्यावर ज्वारीचे पोते ठेवलेले होते.

“खुर्ची आली, पर पोरगं मोठं झालं की वं, मॅडम,” आई म्हणाली, आणि तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा ओशाळेपणाच अधिक होता. तालुक्याला मोजमाप शिबिर भरते, तेथे मुलाची मापे घेतात, साहित्याची मागणी कानपूरच्या अलिम्को या 1972 साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याकडे जाते, आणि वस्तू तयार होऊन, मंजुरीचे टप्पे ओलांडून, वाटपाच्या समारंभापर्यंत पोहोचते तोवर महिने उलटतात. मांडीची लांबी मात्र मंजुरीसाठी थांबत नाही. आखूड बैठकीवर बसविलेल्या मुलाच्या मांड्या अधांतरी राहतात, ठोकळी गुडघ्यांऐवजी जांघेत रुतते, मूल रडते, आणि आई शहाणपणाने खुर्ची बाजूला ठेवून देते; पुढच्या पाहणीत “साहित्य दिले, वापर नाही” असा शेरा पडतो. बाईंनी पोते उतरविले, मोजपट्टी काढली, मुलाचा खुबा ते गुडघ्यामागची लवण हे अंतर मोजून त्यातून दोन बोटे वजा केली, आणि गावच्या सुताराला बोलावून घेतले. सुतार पट्टीचा माणूस. कागदावरचे आकडे त्याने पाहिलेच नाहीत. मुलगा बसवून पाहिला, ठोकळी कोठे लागते ते बोटाने चाचपले आणि म्हणाला, बैठक सरकती करू, दर वर्षाला एक भोक पुढे. कानपूरच्या कारखान्याला जे अवघड जाते ते त्याला जमले, कारण मूल त्याच्या गल्लीतले होते. मोजमाप शिबिरात एक स्थानिक सुतार बसवावा, ही सूचना मी कोणा अधिकाऱ्यापुढे मांडली असती तर ती कोणत्या लेखाशीर्षाखाली बसते असा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

कागदांचे प्रकरण याहून विकट. दिव्यांगत्वाचा दाखला आणि वैश्विक ओळखपत्र हाती आल्याखेरीज पुढला कोणताही दरवाजा उघडत नाही, आणि लहान मुलाचा दाखला बहुधा मुदतीचा असतो; मुदत सरली की तेच मूल घेऊन, तेच व्यंग दाखवावयास, पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे रुजू व्हावे लागते. जतच्या पूर्वेकडील वाडीवरून सांगली गाठावयाची तर शंभर किलोमीटरांच्या आसपास प्रवास. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यातून साताऱ्यास यावयाचे तर आधी लाँच, मग गाडी. एसटीत दिव्यांगाला तिकिटात पाऊणपट सवलत आहे आणि तीव्र व्यंग असेल तर सोबत्यालाही निम्मी, ही तरतूद खरोखर उपकारक होय. परंतु मान न सावरणारे बारा वर्षांचे मूल मांडीवर घेऊन उभ्या गर्दीच्या गाडीत चढणे हे सवलतीने सुकर होत नाही. आईचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, तो कोणत्याच हिशेबात धरलेला नाही. 2016 च्या अधिनियमात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे, तो मी या प्रवासात पुन्हा एकदा काढून वाचला. उल्लेख आहे.

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान दिव्यांगांसाठी 2025 मध्ये दरमहा अडीच हजारांवर गेले, हे चांगले झाले. मात्र तहसील कचेरीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि सूतगिरणीत वा दूध संघात नेमाने पगार घेणारा बाप त्या रेषेबाहेर पडतो. त्याच्या पगारातून औषध, पायाचे कॅलिपर आणि गाडीभाडे वजा केल्यावर काय उरते, हे विचारणारा रकाना अर्जात नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा नियम आहे. परंतु ज्या ग्रामपंचायतीचे उत्पन्नच तुटपुंजे तिचे पाच टक्के ते किती! पुन्हा, या मुलखातली माणसे एका जागी राहणारी नव्हेत. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोने-चांदी आटविण्यासाठी देशभर पांगलेले, जतकडच्या टोळ्या ऊसतोडीला बाहेर, आणि बीडकडच्या टोळ्या इकडल्या कारखान्यांच्या फडात. ओळखपत्र साऱ्या देशात चालते. गृहाधारित शिक्षण मात्र घरापुरते आहे, आणि फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, घर म्हणावे की नाही हे ठरलेले नाही.

बाईंची स्वतःची नोकरीही वर्षानुवर्षे मुदतीच्या करारावर चाललेली. शाळांच्या केंद्रपातळीवर विशेष शिक्षकांची 4,860 पदे निर्माण करण्याचा निर्णय राज्याने 2024 मध्ये घेतला तेव्हा कोठे या वर्गाला थोडा धीर आला. तरीही एकेका शिक्षकाच्या वाट्याला येणारी गावे आणि आठवड्याचे वार यांचा मेळ बसत नाही. पेठेच्या गावातल्या मुलाला जी भेट मिळते ती डोंगराच्या धारेवरच्या मुलाला मिळतेच असे नाही.

आणि मग अठरावे वर्ष येते. तपासणीचा कार्यक्रम तेथे संपतो, समग्र शिक्षा तेथे संपते. कायद्याने सज्ञान झालेला, परंतु सही कशाला म्हणतात हे न जाणणारा तरुण घरात उरतो, आणि आईबापांच्या वयाची साठी जवळ आलेली असते. शेतकरी कुटुंबात हा प्रश्न प्रथम तलाठ्याच्या चावडीत उभा राहतो. अज्ञान वारसाच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव घालून सातबाऱ्यावर ‘अपाक’ असा शेरा मारण्याची रीत आहे, आणि वारस वयात आला की अर्ज देऊन तो शेरा कमी करून घेतात; पण हा वारस वयात येऊनही स्वतःचा कारभार पाहू शकणार नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. समितीने नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी सादर करावी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यावा, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण दुबळ्या भावाच्या वाट्याच्या जमिनीचे काय होते हे कृष्णाकाठी कोणाला सांगावयास नको.

या अर्जांचे कोरे नमुने बाईंच्या पिशवीतल्या गठ्ठ्यात सर्वांत तळाशी होते. त्यांच्या नेमणुकीच्या हुकुमात हे काम नाही. सांगलीकडच्या एका घरी, जेथे मी नंतर गेलो, तेथेही तोच नमुना मिळाला, अर्धा भरलेला. पालक म्हणून थोरल्या भावाचे नाव घालावे असे वडिलांच्या मनात होते. परंतु थोरल्याचे लग्न जुळावयाचे होते, आणि ते जुळेपर्यंत अर्ज दाखल करू नये असे घरात ठरले होते.