धुऱ्यावरची अंबाडी परत आणा



गेल्या पोळ्याला अचलपूर तालुक्यात, सापन नदीच्या काठच्या एका गावी मी पाहुणा होतो. घरची बैलजोडी धुऊनपुसून सजवली होती. शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळावर बाजारातून आणलेले गोंडे. पूजेसाठी वाकलो, तर डाव्या बैलाच्या नाकाशी जखम दिसली. वेसण नायलॉनची होती. घासून घासून कातडे सोलले होते. मी घरधन्याला दोन शब्द बोललो. तेवढ्यात ओसरीवरून त्याची म्हातारी आई म्हणाली, "साहेब, आता अंबाडीची वेसन आनावं कुठून? धुऱ्यावरची अंबाडी काढून टाका, असं तुमीच त सांगतलं होतं."

मी गप्प बसलो. म्हातारीचे बोलणे खरे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीच गावोगाव सांगत फिरलो होतो, की धुरा साफ ठेवा, तिथेही कपाशीच्या दोन ओळी वाढवा. त्या सल्ल्यात अर्धे तथ्य होते. कपाशी, भेंडी आणि अंबाडी एकाच कुळातल्या बहिणी. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण आणि लाल ढेकूण अंबाडीवरही जगतो. पण त्या दोन ओळी घराला काय काय देत होत्या, याचा हिशेब मी मांडला नाही. पुढे सोयाबीन पसरले, २००२ पासून बीटी कपाशी आली, मग तणनाशके आली. धुऱ्यावर उरलीसुरली अंबाडी होती, तीही गेली.

तो हिशेब आज मांडू या.

एक झाड, चार कामे

पावसाळ्यात कोवळा पाला मिळतो, त्याची भाजी. दिवाळीच्या सुमारास लाल बोंडे येतात, त्यांची चटणी आणि सरबत. खोडाच्या सालीतून वाख निघतो, त्याची सुतळी, दावी, कासरे आणि शिंकी. आणि शेवटी बी, म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी. यातली एकही वस्तू पूर्वी आपल्या घरात विकत येत नव्हती. आज आपण शेतकरी असून भाजी बाजारातून आणतो आणि दोर दुकानातून.

अंबाडी दोन प्रकारची असते. उंच, सरळ वाढणारी अंबाडी दोरासाठी चांगली. लाल देठाची, फांद्या फुटणारी अंबाडी बोंडांसाठी चांगली. घरी दोन्ही असाव्यात.

पेरणी

अंबाडी दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते, मग ती केव्हाही पेरलेली असो. म्हणून मृगात पेरलेली अंबाडी डोक्यावर जाते, आणि उशिरा पेरलेली कमरेइतकीच राहून फुलते. दोर हवा असेल तर पहिल्या पावसाची वाट पाहा आणि वेळ दवडू नका. दोराची अंबाडी दाट पेरावी, म्हणजे खोडे सरळ आणि बिनफांद्यांची होतात. बोंडांची अंबाडी हातभर अंतरावर ठेवावी.

आता माझी जुनी चूक सुधारून सांगतो. अंबाडी कपाशीला लागून पेरू नका. ज्वारीच्या, तुरीच्या कडेला किंवा घरामागच्या वाडीत पेरा. पाल्यामागे पांढरा कापसासारखा थर दिसला, तर ते झाड उपटून जाळा. बी निघाल्यावर धसकटे शेतात उभी ठेवू नका. शेजारच्या ओळीत तणनाशक मारायचे असेल, तर अंबाडीवर उडणार नाही याची काळजी घ्या. औषध मारलेल्या भागातला पाला खाऊ नका.

भाजी

माय-बहिणींना ही भाजी शिकवायला नको, सुनांसाठी लिहितो. पाला धुऊन, चिरून उकडावा आणि पहिले पाणी काढून टाकावे, म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो. शिजलेली तुरीची डाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या घालून घोटावे. वरून लसूण आणि लाल मिरचीची खमंग फोडणी द्यावी, चवीला गुळाचा खडा टाकावा. ज्वारीची गरम भाकर आणि कांदा सोबत असला, की दुसरे काही लागत नाही. अंबाडी आंबट असल्यामुळे बिनकल्हईच्या पितळी भांड्यात शिजवू नये. मुतखड्याचा त्रास असणाऱ्याने बेतानेच खावी.

लाल बोंडांवरच्या मांसल पाकळ्या सोलून सावलीत वाळवा आणि बरणीत भरा. चैत्र-वैशाखात त्या उकळून, गाळून, साखर घालून सरबत करा. पाहुण्याला रंगीत बाटलीपेक्षा ते देणे शोभेल.

वाख आणि दोर

झाडे फुलावर आली की दोराची अंबाडी कापावी. जून झाली तर वाख राठ होतो. पाने झडू द्यावी, जुड्या बांधाव्या आणि साचलेल्या पाण्यात दगड ठेवून बुडवाव्या. दहा ते वीस दिवसांत साल सुटते; थंडी असली तर जास्त दिवस लागतात. साल हाताने सहज निघू लागली की लगेच काढा, कारण जास्त कुजली तर वाख तुटतो. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ किंवा मासे असलेल्या डोहात जुड्या बुडवू नका. त्या पाण्याला घाण वास येतो आणि मासे मरतात. वाख स्वच्छ धुऊन वाळवा. उरलेल्या काड्या चुलीला येतात.

दोर वळण्याचे काम उन्हाळ्याच्या रिकाम्या दुपारी आणि श्रावणाच्या झडीत चालत असे. आजोबा ढेऱ्यावर सुतळी काढत, बाप तीन पेड वळी, पोरगा टोक धरून उभा राही. त्या दोन घटकांत घरातली, शेतातली किती बोलणी होत! पोळ्याला नवा दोर बैलाच्या गळ्यात पडे, तेव्हा त्यात साऱ्या घराचा हात असे. असा दोर नायलॉनसारखा कातडीत रुतत नाही. मात्र पावसात भिजला तर वाळवून ठेवावा, नाही तर कुजतो.

बी जपा

चांगली, निरोगी झाडे बियासाठी आधीच राखून ठेवा. बी वाळवून, राखेत मिसळून, झाकणाच्या मडक्यात ठेवा. पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजा. शेजाऱ्याला मूठभर द्या. आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने दिला आहे.

त्या दिवशी जेवणे झाल्यावर म्हातारीने उतरंडीच्या तळच्या गाडग्यातून फडक्यात बांधलेले बी काढले. तीन वर्षांचे जुने होते. आम्ही शंभर दाणे गोणपाटात ठेवले; निम्म्याहून कमी उगवले. दोरासाठी तेव्हा उशीर झाला होता, पण बियासाठी नव्हता. तिने वाडीत पेरले, झाडे गुडघ्याएवढीच झाली, पण ओंजळभर ताजे बी मिळाले. या मृगात धुऱ्यावर, तुरीच्या कडेला, तिच्या नातवाने दोन ओळी पेरल्या आहेत.

नवी वेसण अजून झालेली नाही. ती पुढच्या पोळ्याला होईल. तोवर बैलाच्या नाकाला मऊ सुताची वेसण घातली आहे आणि जखम भरली आहे. तुमच्या गोठ्यातल्या बैलाचे नाक आज एकदा पाहा, आणि घरात कुठल्या गाडग्यात अंबाडीचे बी आहे का, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.