हवेच्या टाकीतले पाणी

तालुक्याच्या एका गावी भरलेल्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा आम्हाला योग आला होता. अकरावीच्या एका विद्यार्थ्याने फवाऱ्याने रंग देण्याचे प्रात्यक्षिक मांडले होते. त्यासाठी वडिलांच्या फर्निचरच्या कामातला छोटा कॉम्प्रेसर त्याने घरून आणला होता. दोन अश्वशक्तीची मोटर आणि तिच्याखाली ५० लिटरची आडवी टाकी. प्रात्यक्षिक छान झाले. निघता निघता आम्ही सहज विचारले, "टाकीतले पाणी शेवटचे कधी काढलेस?"

"सर, ही हवेची टाकी आहे. हिच्यात पाणी कुठून येणार?"

मोटर बंद करून दाब जवळजवळ उतरवला आणि टाकीच्या पोटाशी असलेली छोटी तोटी उघडली. चहाच्या रंगाचे पाणी येऊ लागले. एक तांब्या भरला, दुसरा निम्मा झाला. मुलगा तर चकित झालाच, पण शेजारी उभे असलेले त्याचे शिक्षकही. कॉम्प्रेसर चार वर्षांचा होता आणि त्या तोटीला कधीच कोणी हात लावला नव्हता.

मुलाचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. त्याचे उत्तर वर्गात सहज देता येते. एखाद्या जागेत पाण्याची वाफ किती मावेल हे त्या जागेचे आकारमान आणि तापमान यांवर ठरते. तिथे हवा किती आहे याच्याशी त्याचा जवळजवळ संबंध नसतो. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, मग तिथे हवा एक पट असो की नऊ पट. आता पावसाळ्यातला कोकणातला दिवस घ्या. तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत २४ ग्रॅम बाष्प आहे. कॉम्प्रेसरचा दाबमापक ८ बार दाखवतो तेव्हा आतला खरा दाब ९ बार असतो, कारण मापक बाहेरच्या वातावरणाचा १ बार धरतच नाही. याचा अर्थ, नऊ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली गेली. तिच्यासोबत २१६ ग्रॅम बाष्प आले आणि टाकी गार झाल्यावर जागा आहे फक्त ३० ग्रॅमना. उरलेल्या १८६ ग्रॅमचे पाणी होणारच.

मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासभर चालला तर ६ घनमीटर हवा आत घेतो. वरच्याच हिशेबाने त्यातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी सुटते. यातले काही हवेबरोबर नळीतून उडून जाते (रंगावर फोड येतात ते यामुळेच), पण बरेचसे टाकीच्या तळाशी साठते. डिसेंबरात देशावर हेच पाणी पुष्कळच कमी सुटेल. विद्यार्थ्यांना महिन्यामहिन्याचे आकडे वहीत टिपायला लावले तर एक चांगला प्रकल्प होईल.

पाणी, लोखंड आणि भरपूर ऑक्सिजन एकत्र आले की काय होते हे सांगायला नको. गंज आतून आणि तळाशी चढतो, बाहेरचा रंग तसाच तकतकीत राहतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीचा पत्रा ३ मिलिमीटर जाडीचा असेल, तर ८ बार दाबाला त्याच्यावर दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताण येतो. साध्या पोलादाला हे काहीच नाही. ते सुमारे अडीचशे न्यूटनपर्यंत टिकते. पण पत्रा झिजून १ मिलिमीटर उरला की ताण १२० होतो आणि अर्धा मिलिमीटर उरला की २४०. शिवाय टाकी दिवसातून अनेकदा भरते आणि रिती होते. या चढउतारांनी सांध्यांजवळचे पोलाद थकत जाते ते वेगळेच.

तरीही कोणी म्हणेल की टाकीला भोक पडले तर हवा निघून जाईल, एवढेच ना? कित्येकदा तसेच होते. पण पत्रा जर लांबवर पातळ झालेला असेल, तर भोकावर भागत नाही, टाकी उकलते. ५० लिटर टाकीत ८ बार दाबाची हवा भरलेली असताना तिच्यात सुमारे ५० हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. सिमेंटचे ५० किलोचे पोते १०० मीटर उंचीवरून खाली सोडले तर जमिनीवर आदळताना जेवढी ऊर्जा असेल, तेवढी. टाकीच्या एकेका टोकाच्या झाकणावर आतून साडेपाच टनांहून अधिक जोर असतो. घराच्या पडवीत, मुलांच्या वावरात ठेवलेली ही वस्तू आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आता त्याच टाकीत हवेऐवजी काठोकाठ पाणी भरू आणि त्यावर तेवढाच ८ बार दाब देऊ. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. ५० लिटर पाणी जेमतेम १८ मिलिलिटर आकसते. म्हणून त्यात साठणारी ऊर्जा सात-आठ ज्यूल. पोलाद किंचित ताणले जाते त्याची ऊर्जा धरली, तरी एकूण आकडा वीस ज्यूलच्या आत राहतो. दाब तोच, टाकी तीच, आणि ऊर्जेत फरक हजारो पटींचा! दाबपात्रांची चाचणी पाणी भरून घेतात ती याच कारणाने.

हा फरक न कळल्याने होणारी एक चूक आम्ही वारंवार पाहतो. नळकामाचा पीव्हीसी पाइप स्वस्त असतो आणि त्याच्यावर ६ किंवा १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असा दाब छापलेलाही असतो. मग तोच हवेसाठी भिंतीवरून फिरवला जातो. पण तो आकडा पाण्यासाठी आहे. पाण्याने पाइप फुटला तर भिंत भिजते. हवेने फुटला तर त्याच्या धारदार चिरफळ्या उडतात. हवेसाठी त्याच कामाची रबरी नळी किंवा धातूचा पाइप वापरावा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि टाकी म्हणून जुना गॅस सिलिंडर किंवा पीव्हीसीचा जाड पाइप, असे 'टाकाऊतून टिकाऊ' प्रकल्प प्रदर्शनात दिसतात. कल्पकतेला दाद द्यावी, पण असा प्रकल्प चालू करू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मांडणी आणि वीज

कॉम्प्रेसर सपाट, कोरड्या, वारा खेळता असलेल्या जागी, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. दाबली जाताना हवा तापते, हे सायकलचा पंप मारताना बोटांना कळतेच. ९ बारपर्यंत एका दमात दाबलेल्या हवेचे तापमान उष्णता बाहेर गेलीच नाही तर २९० अंशांच्या आसपास जाईल. प्रत्यक्षात ते बरेच कमी राहते ते पंख्यामुळे आणि सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमुळे. कोपऱ्यात दडवलेल्या कॉम्प्रेसरला ही सोय मिळत नाही. रंगकाम मात्र त्याच्यापासून दूर करावे. थिनरची वाफ पेट घेणारी असते आणि दाबाच्या स्विचमध्ये ठिणगी पडतेच.

दोन अश्वशक्तीची मोटर चालताना ८ ते १० अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. म्हणून मोठे, अर्थिंग असलेले सॉकेट हवे. दूरवर काम असेल तर लोक २० मीटरची बारीक वायर जोडतात. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या अशा वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.७ ओहम. ४० अँपिअरला तिच्यातच २८ व्होल्ट जातात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, तेव्हा २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर सुरू होण्याचा जोर साठ टक्के उरतो. मोटर नुसती घुमते आणि जळते. वायर लांबवण्यापेक्षा हवेची नळी लांबवावी.

वीज अचानक गेली तर आणखी एक गोष्ट घडते. कॉम्प्रेसर नेहमीप्रमाणे थांबताना 'फुस्स' असा आवाज येतो. दट्ट्याच्या वरची आणि नळीतली कोंडलेली हवा तेव्हा सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर हलकी सुटते. वीज गेल्याने थांबलेल्या कॉम्प्रेसरची ही हवा सुटत नाही. भारनियमनाच्या गावात हे कायमचेच. वीज गेली की स्विच हाताने बंद करावा. फुस्स ऐकू येईल. एरवीही तो आवाज येईनासा झाला तर ती झडप तपासून घ्यावी.

वापर

सुरक्षा झडपेची कडी महिन्यातून एकदा ओढून ती मोकळी आहे ना ते पाहावे. ती 'उगाच गळते' म्हणून तिच्या जागी बूच बसवणारे कारागीर आम्हाला भेटले आहेत. गळते ती झडप बदलावी; त्याला फारसा खर्च येत नाही.

हवेचा झोत कपड्यांवर, अंगावर कधीही घेऊ नये. कण डोळ्यांत जातात, आणि जखमेतून हवा कातडीखाली शिरू शकते. चेष्टेत एखाद्याच्या गुदद्वारापाशी नळी धरल्याने आतडे फाटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आल्या आहेत. विषय अवघड वाटला तरी मोठ्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. सामान साफ करण्यासाठीसुद्धा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत ३० पौंडांची, म्हणजे जेमतेम २ बारची मर्यादा आहे. चष्मा हवाच. फुटबॉलला तर एक बारच्या आतबाहेर पुरतो. टाकीत आठ आहेत हे विसरू नये.

निगा

रोज काम संपल्यावर दाब एक-दीड बारवर आणावा, टाकी तोटीच्या बाजूला किंचित कलती करावी आणि तोटी हळूहळू उघडावी. पाणी संपून नुसती हवा येऊ लागली की झाले. नंतर तोटी रात्रभर उघडीच ठेवली तर उत्तम. गंजाने ती चोंदली असेल तर आधी सगळा दाब उतरवावा, मगच तार घालावी. हवेची गाळणी रंगाच्या आणि लाकडाच्या भुशाने लवकर भरते. तेल कॉम्प्रेसरचेच घालावे, मोटारसायकलचे नव्हे.

गळती शोधायला साबणाचे पाणी पुरेसे आहे. ती मोजायचीही असेल, तर टाकी भरून अर्धा तास आकडा पाहावा. मात्र आधी टाकी गार होऊ द्यावी. आतली हवा ५० अंशांवरून ३० अंशांवर आली की गळती नसतानाही मापक अर्ध्या बारहून अधिक खाली येतो. हा वायूंचा नियम मुलांना फळ्यापेक्षा इथे लवकर समजतो. टाकीला भोक पडलेच तर तिथे वेल्डिंगचा ठिगळ लावू नये. आजूबाजूचा पत्राही तितकाच खाल्लेला असतो. कारखान्यांतील दाबपात्रांच्या तपासणीची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. घरातल्या टाकीकडे कोणी तपासणीस येत नाही.

त्या मुलाच्या टाकीचे पुढे काय झाले? तिच्या वडिलांच्या संमतीने ती आमच्या कार्यशाळेत आणली, हवेचा बुडबुडाही राहू न देता पाण्याने भरली आणि हातपंपाने दाब वाढवत नेला. साडेसहा बारला तळाच्या सांध्यालगत पाण्याचा एक थेंब दिसला, मग दुसरा, आणि मापकाचा काटा खाली बसला. एवढेच. प्रदर्शनाच्या दिवशी ती आठ बारवर चालत होती. आम्ही ती मधोमध कापली. एक अर्धा भाग त्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तळाचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो.