कथेंतील विसंगति आणि तिचा न्याय

गोष्ट सांगणाराची जीभ कितीही चपळ असो, ऐकणाराचे कान तिच्याहून तिखट असतात. काल राक्षसाला सात डोकीं होतीं आणि आज पांचच झालीं, तर पेंगुळलेलें मूलही उठून बसतें व उरलेल्या दोन डोक्यांचा हिशेब मागतें. पुष्कळ वडील माणसें याला खोड समजून मुलाला गप्प करतात. आमच्या मतें हा चिकित्सक बुद्धीचा पहिला अंकुर होय. त्याला खुडूं नये, वळण लावावें. दूरदर्शनवरील अतिमानव नायकांच्या मालिका पाहून मुलांत जे वाद रंगतात, त्यांचें स्वरूप काय, ते कोणत्या रीतीनें सोडवावे आणि त्यांतून शिकण्याजोगें काय आहे, एवढ्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपल्या देशांतील ठळक उदाहरण ‘शक्तिमान’ या हिंदी मालिकेचें. ती दूरदर्शनवर १९९७ सालीं सुरू झाली व २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना यांनीं तींत दोन रूपें उभीं केलीं: एक योगबलानें अद्भुत सामर्थ्य मिळविलेला शक्तिमान, आणि दुसरा गंगाधर, म्हणजे चष्मा लावणारा, पुढें आलेल्या दांतांचा, वृत्तपत्राचा भोळसट छायाचित्रकार. आज ज्यांचीं मुलें शाळेंत आहेत, अशा अनेक पालकांचें बालपण या मालिकेच्या संगतींत गेलें. २०२० च्या टाळेबंदींत ती पुन्हां दाखविण्यांत आली, तेव्हां आईबाप आणि मुलें एकत्र बसून ती पाहूं लागलीं. पूर्वीं एका भागानंतर दुसऱ्याची आठवडाभर वाट पाहावी लागे व मधल्या काळांत बारकावे विसरले जात. आतां भागाला लागून भाग पाहतां येतो; त्यामुळें पूर्वीं झांकून गेलेल्या फटी सहज नजरेस येतात.

प्रश्न असे निघतात. गीता विश्वास ही तर हुशार वार्ताहर. मग चष्म्यामागचा गंगाधर तिला ओळखूं कसा येत नाहीं? शिवाय प्रारंभीं गीतेची भूमिका किटू गिडवानी यांनीं केली व पुढें वैष्णवी महंत यांनीं. तर चेहरा बदलला तरी कोणालाच नवल कसें वाटलें नाहीं? मग एक पक्ष म्हणतो, मालिकाच खोटी. दुसरा पक्ष नायकाच्या प्रेमापोटीं कांहींही ऐकून घेत नाहीं. वाद हातघाईवर येतो आणि मूळ प्रश्न बाजूस राहतो.

विसंगति म्हणजे एकाच कथेंतील दोन गोष्टी एकमेकींशीं न जुळणें. ती शिरते कोठून? एका स्थळीं घडणारे प्रसंग कथेंत कितीही दूर असले तरी पुष्कळदां एकाच वेळीं चित्रित केले जातात. त्यामुळें नायक छत्री घेऊन दारापर्यंत येतो आणि उंबरठा ओलांडतांच छत्री नाहींशी होते. कारण बाहेरचा भाग एके दिवशीं व आंतला दुसऱ्याच दिवशीं घेतलेला असतो. असें होऊं नये म्हणून कपडे, वस्तु, केसांचा भांग इत्यादींची बारीक टिपणें ठेवणारा एक मनुष्य चित्रीकरणाच्या जागीं नेमलेला असतो. दुसरें कारण असें कीं, लांब मालिका अनेक लेखक लिहितात. त्यांच्यासाठीं पात्रांचीं नांवें, नातीं व पूर्ववृत्त नोंदविलेली एक वही असते. इंग्रजी मालिकांच्या धंद्यांत या वहीला ‘बायबल’ म्हणतात! आणि कथेचा जो भाग चाहते प्रमाण मानतात त्याला ‘कॅनन’ म्हणतात. हा शब्दही मंडळीनें प्रमाण मानलेल्या शास्त्रग्रंथांच्या यादीवरूनच घेतलेला आहे.

विसंगतीच्या तीन जाती आम्ही मानतों.

पहिली जात संकेताची. कोंकणच्या दशावतारांत स्त्रीची भूमिका पुरुष करतो. प्रेक्षकाला तें ठाऊक असतें, तरी द्रौपदीचा आक्रोश ऐकून त्याचे डोळे भरून येतात. गंगाधराचा चष्मा याच जातीचा. तो खेळाचा नियम आहे. तो मान्य नसेल तर खेळच उरत नाहीं.

दुसरी जात नाइलाजाची. नट सोडून जातो, आजारी पडतो, वारतो. १९५२ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या सुपरमॅनच्या मालिकेंतही पहिल्या वर्षानंतर लोइस लेनचें काम फिलिस कोट्स यांच्याऐवजीं नोएल नील यांजकडे आलें. अशा बदलाची नोंद घ्यावी व पुढें चालावें.

तिसरी जात खऱ्या चुकीची, आणि वादाला खरा रंग येतो तो येथें. ‘हल्क’ नामक हिरव्या राक्षसाची चित्रकथा १९६२ सालीं निघाली. त्याचें मनुष्यरूप म्हणजे ब्रूस बॅनर. १९६४ सालीं लेखक स्टॅन ली यांनीं विसरून त्याला बॉब बॅनर म्हटलें. वाचकांनीं पत्रांनीं भंडावलें, तेव्हां लींनीं तोड काढली कीं त्याचें पूर्ण नांव रॉबर्ट ब्रूस बॅनर! बॉब हें रॉबर्टचेंच लघुरूप. तेव्हां दोन्ही नांवें राहिलीं. पुढें १९७७ सालीं याच कथेची दूरदर्शनमालिका झाली तेव्हां त्याला डेव्हिड हें नांव दिलें. तरी लोक त्याला मेला असें समजतात त्या प्रसंगीं थडग्यावर डेव्हिड ब्रूस बॅनर अशीं अक्षरें कोरून जुन्या नांवाचीही आठवण ठेवली. याच लींच्या मासिकांत चुकीचें समाधान सुचविणाऱ्या वाचकांस बक्षीस मिळूं लागलें. तें बक्षीस म्हणजे एक पाकीट, ज्यांत कांहींच नसे! परंतु तें रिकामें पाकीट मिळविण्यासाठीं मुलें रात्र रात्र डोकें खाजवीत. चूक दाखविणें अर्धें काम व ती सुसंगत करून देणें उरलेलें अर्धें, ही शिकवण त्या पाकिटांत भरलेली होती.

हा छंद दूरदर्शनाहून जुना आहे. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याला १८८७ च्या कादंबरींत खांद्यावर गोळी लागलेली आहे, तर १८९० च्या कादंबरींत तीच जखम पायांत गेली आहे. त्याचें नांव जॉन. परंतु एका गोष्टींत त्याची पत्नीच त्याला जेम्स म्हणून हांक मारते. १९११ सालीं ऑक्सफर्ड येथें रोनल्ड नॉक्स यांनीं, जे पुढें धर्मगुरु झाले, या कथांची चिकित्सा पंडिती थाटांत करून एक निबंध वाचला. पवित्र शास्त्राचे तुकडे तुकडे पाडणाऱ्या विद्वानांची ती थट्टा होती. पण थट्टेंतून एक अभ्यासशाखाच निर्माण झाली. पुढें डोरोथी सेयर्स या लेखिकेनें वॉटसनच्या नांवांतील ‘एच्’ हें अक्षर धरून तें ‘हेमिश’ असावें, आणि हेमिश म्हणजे स्कॉटलंडच्या भाषेंत जेम्सच, असें समाधान काढलें. किती लहानशी किल्ली, पण कुलूप उघडलें!

आपल्याकडे या विद्येला फार जुनें नांव आहे: एकवाक्यता. दोन शास्त्रवचनें परस्परविरुद्ध दिसलीं तर काय करावें, याचे नियम मीमांसकांनीं बांधून ठेवले आहेत. दोन्ही वचनें एकाच विषयाचीं आहेत काय, हें आधीं पाहावें. विषय किंवा प्रसंग निराळा असेल तर विरोध मुळांतच नाहीं. विरोध खरा असेल तर कोणतें वचन अधिक बलवान् तें ठरवावें. दोन्ही समान बलाचीं असतील तरच विकल्प मानावा. आणि तो अगदीं शेवटचा उपाय, कारण त्यांत आठ दोष आहेत असें तें शास्त्र सांगतें. याचें विवेचन ज्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथांत आहे, ते भारतरत्न पांडुरंग वामन काणे आपल्या दापोलीच्याच मिशन हायस्कुलांत शिकले, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

येथवर सर्व गोड झालें. परंतु या छंदांत एक धोका आहे, आणि तो सांगण्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणलें. कल्पित कथेंत समाधान रचतां येतें. कारण बॅनरचें खरें नांव काय हें विचारण्यासाठीं कथेबाहेर कोणी मनुष्य नाहीं. घडलेल्या गोष्टींत मात्र समाधान रचतां येत नाहीं; तें शोधावें लागतें. शिवाजीमहाराजांच्या जन्माचें वर्ष पुष्कळ काळ १६२७ धरीत. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली; तींत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि निघाली. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांतही तीच तिथि मिळाली. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या, आणि दीर्घ वादानंतर महाराष्ट्र सरकारनेंही ती स्वीकारली. येथें दोन्ही तारखा टिकाव्या म्हणून कोणी सुंदर गोष्ट रचूं लागला असता, तर तिला रिकामें पाकीटसुद्धां मिळतें ना.

आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरांतही हा प्रश्न जुना आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत योसेफाच्या पित्याचें नांव निरनिराळें आहे. तिसऱ्या शतकांत आफ्रिकानुस या विद्वानानें सावत्र भाऊ व त्या काळची विवाहरीति यांच्या आधारें दोन्ही नांवांचा मेळ घातला. परंतु यास आपल्यापाशीं पुरावा नाहीं, मात्र याहून बरें कांहीं हातीं नाहीं, अशा आशयाची कबुलीही त्यानें लिहून ठेवली. त्याआधीं दुसऱ्या शतकांत तातियानानें चारही शुभवर्तमानें विणून एक सलग पुस्तक केलें होतें. सुरिया देशांतील मंडळ्यांत तें दीर्घकाळ वाचलें जाई. अखेर मंडळीनें तें बाजूस ठेवून चार निरनिराळे साक्षीदारच राखले. साक्षीदारांचे शब्द घांसून एकसारखे केले तर साक्ष वाढत नाहीं, कमीच होते, हें तिनें ओळखलें असें आम्हांस वाटतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, विसंगति दिसली कीं चार पायऱ्या चढा. प्रथम मूळ भाग पुन्हां पाहा. आपली आठवण हीच पुष्कळदां चुकीची असते. नंतर तिची जात ठरवा. मग कथेंतलाच आधार घेऊन समाधान शोधा. आणि शेवटीं समाधान सांपडलें नाहीं, तर तें न सांपडल्याचें मोकळेपणानें सांगा. वॉटसनची जखम खांद्यावरून पायांत गेली म्हणून होम्सवर प्रेम करणारे कमी झाले नाहींत. पालकांसही आमची एवढीच विनंति आहे कीं, मूल ‘हें जुळत नाहीं’ म्हणून म्हणेल तेव्हां दूरदर्शन क्षणभर थांबवून त्याला विचारावें, ‘तुला असें कशावरून वाटलें?’ आज जो गीतेचा चेहरा बदलल्याचा जाब विचारतो, तोच उद्यां दस्तऐवजांतील, बातमींतील आणि स्वतःच्या वर्तनांतील विसंगति ओळखील. आणि या शेवटच्या विसंगतीला समाधान रचून चालत नाहीं, ती दुरुस्तच करावी लागते.