घरी आलेली शाळा

मुलांनो, तुमच्या पाठ्यपुस्तकांपैकी एखादे हाती घ्या आणि त्याची पहिली पाने उघडून पाहा. तेथे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन छापलेला आढळेल. त्याला क्यू. आर. कोड असे म्हणतात. वरवर पाहता विसकटलेल्या रांगोळीसारखा दिसणारा हा चौकोन म्हणजे वस्तुतः एक दार आहे. मोबाईलमधील ‘दीक्षा’ या ॲपला तो दाखविला की दार उघडते, आणि त्या पुस्तकातील पाठांना पूरक अशी चित्रे, ध्वनिफिती व चित्रफिती समोर येतात. ‘दीक्षा’ची ही सोय आपल्या देशात २०१७ साली सुरू झाली. खेड्यात बसलेल्या मुलाला दूरच्या शहरातील शिक्षकाचा पाठ त्यायोगे घरबसल्या ऐकता येतो.

ही गोष्ट नवलाची खरी. तथापि ती पाहताना दोन प्रश्न मनात उभे राहतात. हे दार सर्वांसाठी उघडते काय? आणि दारातून आत गेल्यावर जे मिळते, त्याला शाळा म्हणता येईल काय?

या प्रश्नांची उत्तरे शोधावयाची तर शाळा म्हणजे काय, याचा आधी विचार केला पाहिजे. चार भिंती, फळा आणि बाके म्हणजे शाळा नव्हे. झाडाखालीही शाळा भरू शकते. शिकण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात. शिक्षकांचा पाठ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावा लागतो. विद्यार्थ्याचे उत्तर, त्याची शंका शिक्षकांपर्यंत परत यावी लागते. आणि शिक्षकांनी ते उत्तर तपासून ‘येथे चुकले, असे कर’ हे त्याला सांगावे लागते. वर्गात या तिन्ही गोष्टी इतक्या सहजपणे घडतात की त्या आपल्या ध्यानातही येत नाहीत. तुमच्या कपाळावरील आठी पाहूनच शिक्षक ओळखतात की गणित समजलेले नाही, आणि तेच गणित ते दुसऱ्या रीतीने समजावून सांगतात. परंतु शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये अंतर पडले की या तिन्ही गोष्टींची वेगवेगळी व्यवस्था करावी लागते. अशा व्यवस्थेला दूरशिक्षण म्हणतात.

दूरशिक्षण आजकालचे नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठविण्याची सोय झाली. तिचा लाभ घेऊन आयझॅक पिटमन या गृहस्थांनी लघुलेखनाचे धडे टपालाने पाठविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी दिलेला मजकूर लघुलिपीत लिहून परत पाठवीत, आणि पिटमन त्यातील चुका दुरुस्त करून तो त्यांच्याकडे पुन्हा धाडीत. मुद्दाम लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी केवळ धडे पाठविले नाहीत. उत्तरे परत मागविली आणि तपासली. म्हणूनच त्या पत्रव्यवहाराला शिक्षणाचे रूप आले.

पुढे रेडिओ आला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. त्याच्या भोवतालचा प्रदेश अतिशय विरळ वस्तीचा. तेथील गुराढोरांच्या विस्तीर्ण कुरणांवर राहणाऱ्या मुलांना जवळची शाळा म्हणजे शेकडो किलोमीटरांची वाट. दुर्गम भागात डॉक्टरांना विमानाने पोहोचविण्याकरिता तेथे आधीच रेडिओची यंत्रणा उभारलेली होती. तिचाच उपयोग करून १९५१ साली तेथे ‘आकाशातील शाळा’ सुरू झाली. आपल्या घरातील रेडिओवर आपण केवळ ऐकतो. परंतु त्या मुलांच्या घरी असलेल्या यंत्रातून ऐकताही येई आणि बोलताही येई. शिक्षिकेने प्रश्न विचारावा आणि दूरच्या कुरणावरील मुलाने उत्तर द्यावे, असा तो वर्ग होता. पाठाची पुस्तके टपालाने येत आणि शेजारी बसून अभ्यास करवून घेण्यासाठी आई किंवा घरातील दुसरे कोणी मोठे माणूस असे. ही शाळा आजही चालू आहे. रेडिओची जागा आता उपग्रहाद्वारे चालणाऱ्या इंटरनेटने घेतली आहे. तिचे क्षेत्र सुमारे १३ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपट आहे! मात्र एवढी साधने असतानाही या शाळेतील मुलांना वर्षातून काही वेळा मुद्दाम एकत्र आणतात. एरवी एकमेकांपासून दूर राहणाऱ्या मुलांना त्या दिवसांत एकत्र खेळावयास मिळते.

आपल्या देशात अशा शिक्षणाची निकड निराळ्या कारणाने भासली. येथे कित्येकांची शाळा घरच्या गरिबीमुळे, कामाच्या ओझ्यामुळे किंवा मुलींच्या बाबतीत लवकर झालेल्या लग्नामुळे अर्ध्यावर सुटे. एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरता यावी, म्हणून १९७९ साली दिल्लीत मुक्त शाळेचा एक प्रयोग सुरू झाला. १९८९ मध्ये त्याचे स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेत रूपांतर झाले. आता महाराष्ट्र राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. काही कारणाने शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांना घरी अभ्यास करून पाचवी, आठवी व त्यापुढील परीक्षा तेथून देता येतात.

याच १९८९ या वर्षी, १ जुलै रोजी, आपल्या नाशिकमध्येही एका मोठ्या कार्याचा प्रारंभ झाला. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने येथे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शहरातून गंगापूर धरणाकडे जाऊ लागले की गोवर्धन गावाजवळ त्याचा विस्तीर्ण परिसर लागतो. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. गोदाकाठच्या विद्यापीठाला हे ब्रीद किती शोभून दिसते! गंगेवर स्नानास जावे लागते. पण येथे गंगाच घरी येणार.

या विद्यापीठाचे विद्यार्थी रोज वर्गात येऊन बसत नाहीत. कोणी दिवसभर शेतात राबतो, कोणी कारखान्यात पाळी करतो, कोणी गृहिणी आपल्या मुलांचा अभ्यास घेऊन झाल्यावर स्वतःचे पुस्तक उघडते. कारागृहातील बंदीजनांनाही येथून शिकता येते. त्यांच्यासाठी पुस्तके निराळ्या पद्धतीने लिहावी लागतात. समोर शिक्षक नसल्याने पुस्तकानेच शिक्षक व्हावयाचे असते. म्हणून त्यात थोडे सांगून झाले की लगेच प्रश्न असतात आणि आपले उत्तर पडताळून पाहण्याची सोय असते. परंतु एवढ्यावर विद्यापीठ थांबले नाही. राज्यभर त्याने अभ्यासकेंद्रे उघडली. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी तेथे जमावे, शंका विचाराव्यात, आणि शिक्षकांनी त्यांचे निरसन करावे. या शिक्षकांना तेथे ‘संमंत्रक’ असे म्हणतात. पुस्तक घरी गेले, तरी माणसाची गाठ पडणे आवश्यक आहे, हे त्या विद्यापीठाने प्रारंभीच ओळखले होते.

आतापर्यंत सांगितलेल्या दूरच्या शाळा काही थोड्या लोकांकरिता होत्या. परंतु २०२० साली अशी वेळ आली की, सर्वांनाच दूरच्या शाळेत जावे लागले. कोरोनाची साथ पसरली आणि मार्च महिन्यात महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. जगातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांवर त्या काळात अशीच पाळी आली. तुमच्यापैकी बहुतेक जण त्या वेळी अगदी लहान होते. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत राज्यातील शिक्षकांनी मोबाईलवरून रोजचा अभ्यास पाठविण्यास आरंभ केला. सह्याद्री दूरचित्रवाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ज्यांच्या घरी चांगला मोबाईल होता, त्यांची शाळा मोबाईलच्या पडद्यावर भरू लागली.

परंतु ज्यांच्या घरी तो नव्हता, त्यांचे काय? कोणाच्या घरी एकच मोबाईल, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाई. कोणाकडे मोबाईल असला, तरी त्यात इंटरनेटसाठी टाकावयास पैसे नसत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत तर आणखी एक अडचण. मोबाईलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मनोरा आणि मोबाईल यांच्यामध्ये डोंगर आडवा आला की त्या अडतात. सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या पाड्यांवर त्यामुळे ‘रेंज’ मिळत नाही. तेथे मोबाईल असला काय आणि नसला काय, सारखेच!

अशा मुलांसाठी नाशिकमध्ये एक जुने साधन पुन्हा उपयोगास आले. ते म्हणजे रेडिओ. ‘रेडिओ विश्वास’ हे नाशिकचे सामुदायिक रेडिओ केंद्र. त्याने जून २०२० मध्ये ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा कार्यक्रम सुरू केला. तिसरी ते दहावीचे पाठ सुमारे १५० शिक्षकांनी या केंद्राच्या ध्वनिमुद्रणगृहात बोलून ध्वनिमुद्रित केले. जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या शाळांतील मुले ते ऐकू लागली. विचार करा, फळा नाही, खडू नाही, समोर एकही मूल नाही. केवळ आवाजाने भूमिती शिकवावयाची! त्रिकोण डोळ्यांपुढे उभा राहील अशा शब्दांत तो सांगावयाचा, आणि मुलाला वहीत काढता यावा म्हणून मध्ये थांबावयाचे. हे काम सोपे नव्हे.

सामुदायिक रेडिओचा आवाज फार दूर पोहोचत नाही. साधारणतः दहा-बारा किलोमीटर एवढीच त्याची धाव. म्हणून राज्यातील इतर काही सामुदायिक केंद्रांनाही हे पाठ देण्यात आले. इगतपुरी तालुक्यातील शिक्षकांनी पुढाकार घेऊन मुलांना ४५१ एफ. एम. संच दिले. या संचांना पेन ड्राइव्ह जोडण्याचीही सोय होती. असा संच असला म्हणजे लहरी न पोहोचणाऱ्या ठिकाणीही ध्वनिमुद्रित पाठ ऐकता येतो. या कार्यक्रमाचा २०२१ मध्ये राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्काराने गौरव झाला.

तथापि आपण प्रारंभी पाहिलेल्या तीन गोष्टी आठवा. रेडिओने पाठ पोहोचविला. पण मुलाचे उत्तर परत कसे येणार? ॲलिस स्प्रिंग्जच्या मुलांप्रमाणे येथील मुलांना यंत्रातून बोलता येत नव्हते. दूरचित्रवाणीचेही तेच. मोबाईलवर उत्तर पाठविता येते. परंतु ज्याच्याकडे मोबाईलच नाही, त्याचे उत्तर कोण वाचणार? हा प्रश्न शेवटी यंत्रांनी नव्हे, तर शिक्षकांच्या पायांनी सोडविला. कित्येक शिक्षक तोंडाला मुखपट्टी बांधून पाड्यापाड्यांवर गेले. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या अंगणातील झाडाखाली त्यांनी चार-पाच मुलांना अंतर राखून बसविले, वह्या तपासल्या, चुका दाखविल्या आणि पुढचा अभ्यास दिला. मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच खऱ्या अर्थाने मुलांकडे गेली.

एवढे करूनही झालेली हानी मोठी होती. मधल्या काळात शाळा कधी उघडल्या, कधी पुन्हा मिटल्या. ४ ऑक्टोबर २०२१ पासून त्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ नावाची पाहणी झाली. तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचे पुस्तक नीट वाचू शकणारी मुले २०१८ साली सुमारे २७ होती. ती आता सुमारे २० उरली होती. वाचावयास शिकण्याच्या वयात ज्यांच्या शेजारी बोट धरून अक्षर दाखविणारे कोणी नव्हते, त्यांचे सर्वांत अधिक नुकसान झाले. मोठ्या माणसाला एकट्याने पुस्तकातून शिकता येते. लहान मुलाला तसे शिकता येत नाही, हा धडा त्या दोन वर्षांनी आपणा सर्वांना दिला.

मग दूरची शाळा वाईट समजावी काय? मुळीच नाही. आजारपणामुळे अंथरुणाला खिळलेल्या मुलाला, ऊसतोडणीसाठी आईबापांबरोबर गाव सोडून जाणाऱ्या मुलीला, संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्या गृहिणीला ती फार मोठा आधार आहे. वर्गात एकदा ऐकून न समजलेला भाग घरी पुन्हा ऐकण्यासाठी तुम्हालाही तिचा उपयोग करता येईल. मात्र ती उभारताना यंत्रांचीच मोजदाद करून भागणार नाही. पाठ पाठविणे हे निम्मेच काम होय. तो प्रत्येकापर्यंत पोहोचला की नाही, हे पाहिले पाहिजे. आणि पोहोचल्यानंतर मुलाचे उत्तर वाचणारे कोणीतरी असले पाहिजे.

तुमच्या वर्गातील एखादा सोबती काही दिवस शाळेत आला नाही, तर त्याच्या घरी जा. झालेला अभ्यास त्याला सांगा, त्याच्या शंका ऐका, आणि तुम्हाला न सुटणाऱ्या शंका शिक्षकांना विचारून त्यांची उत्तरे त्याला नेऊन द्या. यासाठी मोबाईल लागत नाही, रेडिओही लागत नाही. पण पाठ घरी पोहोचविणे आणि उत्तर परत आणणे या दोन्ही गोष्टी त्यात साधतात. तेवढ्यापुरती त्याच्या घरी आलेली शाळा तुम्हीच असाल.

स्वाध्याय

१. शिकण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी घडाव्या लागतात?
२. ॲलिस स्प्रिंग्जची शाळा आणि ‘रेडिओ विश्वास’चे पाठ यांत कोणता फरक आहे?
३. डोंगराळ भागात मोबाईलचा उपयोग का होत नाही?
४. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. त्रिकोणाचे तीन प्रकार, चित्र न काढता, केवळ बोलून आपल्या सोबत्याला समजावून सांगा. त्याने ते वहीत काढावेत. कोठे चुकले ते दोघांनी मिळून पाहा.