झारचा ठेका आणि पोलादी तार : भूतविद्येच्या अभ्यासकांसाठी एक दूरचे उदाहरण

भूतविद्या हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. परीक्षेपुरती ग्रहांची नावे पाठ करावयाची आणि पदवी हाती पडली की विसरून जावयाची, असा या अंगाचा आपल्या पिढीतील व्यवहार आहे. प्रस्तुत लेखात या अंगाकडे जरा लांबच्या वाटेने, म्हणजे इजिप्तमार्गे, जावयाचे आहे. ही वाट संगीताची, त्यातही यंत्राद्वारे घडविलेल्या संगीताची असल्याने काही वैद्यमित्रांना विषय अप्रस्तुत वाटेल. त्यांनी निदान उपशयाच्या मुद्द्यापर्यंत सोबत यावे, एवढी विनंती.

इ.स. १९४४ मध्ये कैरो शहरात हलीम एल-दाब नावाचे तेवीस वर्षांचे एक तरुण कृषि-अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होते. संगीताचा नाद लहानपणापासूनचा. त्यांनी मिडल ईस्ट रेडिओच्या केंद्राकडून पोलादी तारेवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र काही दिवसांसाठी मागून आणले. टेप रेकॉर्डर सर्वत्र होण्यापूर्वी केसासारख्या बारीक तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज साठवीत असत, त्या जातीचे हे यंत्र. ते घेऊन एल-दाब एका मित्रासह ‘झार’ नावाच्या विधीच्या ठिकाणी गेले. हा विधी स्त्रियांचा, पुरुषांना तेथे सहसा मज्जाव. म्हणून दोघांनी डोक्यावरून वस्त्रे घेऊन स्त्रियांच्या वेषात प्रवेश मिळविला, असे सांगितले जाते. तेथील गायन त्यांनी तारेवर उतरवून घेतले आणि त्यावर रेडिओ केंद्रात संस्कार करून एक रचना सिद्ध केली. त्याच वर्षी कैरोतील एका कलादालनात ती ऐकविण्यात आली. मुद्रित ध्वनीलाच द्रव्य मानून संगीत रचण्याचा मान सामान्यतः पॅरिसच्या पिएर शेफेर यांना दिला जातो. त्यांच्या प्रसिद्ध रचना १९४८ च्या आहेत. कैरोतील प्रयोग त्याच्या चार वर्षे आधीचा.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, त्या तारेवर जो आवाज उतरला तो कोणत्या प्रयोजनाने गायिला जात होता? तो मनोरंजनासाठी नव्हता. ती चिकित्सा होती.

झार हा विधी इथिओपिया, सुदान, सोमालिया, इजिप्त आणि इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर आढळतो. इजिप्तमध्ये तो एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडून रुजला, असे अभ्यासक मानतात. दीर्घकाळ अंगदुखी, अनिद्रा, वंध्यत्व, अकारण रडू येणे, कशातच मन न लागणे अशा तक्रारी घेऊन फिरणारी स्त्री, इतरत्र गुण न आल्यावर, ‘कोदिया’कडे येते. कोदिया म्हणजे विधी चालविणारी अनुभवी स्त्री. तिच्या मते या स्त्रीला ‘अस्याद’पैकी, म्हणजे धन्यांपैकी, कोणी तरी धरलेले असते. प्रत्येक धन्याचा ठेका वेगळा, गीत वेगळे, वस्त्राचा रंग वेगळा. डफाच्या जातीची वाद्ये, तंबुरा नावाचे तंतुवाद्य (आपल्या तंबोऱ्याशी नामसाम्य असले तरी रूप अगदी निराळे), आणि ‘मंगूर’, म्हणजे बकऱ्याच्या खुरांनी मढविलेला कंबरपट्टा, जो नर्तकाच्या हालचालीसरशी खुळखुळतो. तालांपैकी ‘अय्यूब’ नावाचा दोन मात्रांचा ताल विशेष प्रसिद्ध आहे. तो संथ सुरू होतो आणि चढत जातो. त्या लयीत स्त्री मान व धड हलवीत राहते, शेवटी थकून खाली बसते किंवा पडते, आणि भोवतालच्या स्त्रिया तिला सावरतात.

आता उपशय. कोदिया निदान कसे करते? ती एकामागून एक धन्यांची गीते वाजवविते आणि रुग्णेकडे पाहत राहते. एका ठेक्यावर ती निश्चल असते, दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर तिचे बोट हलते, खांदा हलतो, मग ती उठते. जो ठेका तिला उठवितो त्यावरून धनी ठरतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी असे सांगितले आहे. तैलाभ्यंगाने शूल शमतो की वाढतो हे पाहून आपण वात व आम यांचा विवेक करतो. कोदियाच्या हाती तेल नसून ठेका असतो, परंतु बुद्धीची चाल तीच आहे. माझ्या मते या संपूर्ण विधीतील सर्वांत वैद्यकीय भाग हाच होय. बळी, धूप आणि वस्त्रे यांच्या गर्दीत तो सहज नजरेआड होतो.

धूपाचा उल्लेख आलाच आहे, तर फार्मसीधारकांसाठी थोडे अवांतर. झारमध्ये विधीच्या आरंभी रुग्णेस धूप देतात. आपल्याकडे ग्रहचिकित्सेत गुग्गुळ, वेखंड, हिंग, मोहरी, कडुनिंबाची पाने यांचे धूपन सांगितले आहे. द्रव्ये भिन्न, मात्र घ्राणमार्गाने मनापर्यंत पोहोचण्याची युक्ती दोन्हीकडे आहे. कैरोच्या जुन्या बाजारात वनौषधी, मसाले व धूप एकाच दुकानात विकणाऱ्यास ‘अत्तार’ म्हणतात. आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानाची ओळख असणाऱ्यास तेथे परके वाटू नये.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. झारचा हेतू धन्याला हाकलून देण्याचा नसतो. त्याच्याशी समझोता करावयाचा, त्याला काय हवे ते ठरावीक काळाने द्यावयाचे, आणि उरलेले आयुष्य त्याच्यासह जगावयाचे. रुग्णेस ‘झारची वधू’ म्हणून सजवितात ते याच भावनेने. याप्य व्याधीची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात काही चमत्कारिक वाटणार नाही. जानिस बॉडी या मानवशास्त्रज्ञ विदुषीने उत्तर सुदानमधील एका खेड्यातील झारचा अभ्यास १९८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जे दुःख स्त्रीला स्वतःच्या नावाने बोलता येत नाही ते धन्याच्या तोंडून बोलता येते, असा त्यातील विवेचनाचा एक धागा आहे. सासरच्या घरात ज्या सुनेला ‘मला हे नको’ एवढे म्हणण्याची मुभा नाही, तिच्या अंगात येणारे दैवत मात्र साडी-चोळी मागते आणि घर ती निमूट देते, हे दृश्य आपल्या ग्रामीण व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

आता एल-दाब यांनी रेडिओ केंद्रात केले काय, ते पाहू. त्यांच्यापाशी फिरत्या भिंती, प्रतिध्वनीची खोली आणि विद्युत्-दाब कमी-जास्त करण्याची सोय होती. प्रत्येक स्वरात एक मूळ नाद असतो आणि त्याच्याभोवती उपनादांचे वलय असते. एल-दाब यांनी मूळ नाद काढून टाकला आणि वलय ठेवले. वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या रचनेपैकी दोनेक मिनिटांचा अंश पुढे ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध झाला. तो ऐकताना शब्द कळत नाहीत, ठेका जवळजवळ विरून गेलेला असतो. दूरच्या घुमटाखाली अनेक स्त्रिया गात असाव्यात आणि आपल्यापर्यंत केवळ त्यांची घुमघुम यावी, असे वाटते. मला तो अंश सुंदर वाटला, आणि अस्वस्थ करणाराही.

गुळवेलीचे सत्त्व काढणाऱ्यांना हे लगेच उमजेल. कांड कुटायचे, पाण्यात भिजवायचे, कुस्करायचे, गाळायचे, निवळ ओतून टाकून तळाशी बसलेला पांढरा अंश वाळवायचा. मिळते ते शुभ्र, मृदू व पित्तशामक. परंतु गुळवेलीचा कडूपणा निवळाबरोबर बव्हंशी गेलेला असतो. जीर्णज्वरात ताज्या गुळवेलीच्या क्वाथाकडून जे कार्य अपेक्षावयाचे ते सत्त्वाकडून अपेक्षू नये. एल-दाब यांनी झारचे सत्त्व काढले. कलाकृती म्हणून तो अधिकार त्यांचा आहे, आणि त्यांनी तिला औषध म्हटलेलेही नाही. अडचण येते ती आज बाजारात ‘मनःशांती’, ‘अनिद्रा’, ‘चिंता’ अशी लेबले लावून विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत. झारमध्ये कार्य करणारे काय होते? चढता ठेका, श्वासाची बदललेली गती, शारीरिक श्रम, धूप, रुग्णेच्या नावाने जमलेल्या स्त्रिया, तिच्यावर झालेला खर्च, की नंतर घरच्यांच्या वागण्यात पडलेला फरक? यांतील एकच घटक वेगळा काढून बाटलीत भरावा तसा विकणाऱ्याने, उरलेल्या घटकांचे काय केले, हे सांगावयास हवे.

संगीताचा उपयोग नाही, असे यावरून कोणी समजू नये. विषादाच्या रुग्णांवरील संगीतचिकित्सेचा कॉक्रेन आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९ अभ्यास व ४२१ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना संगीतचिकित्सेची जोड दिल्यास अल्पकाळात लाभ दिसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. यातील ‘जोड’ हा शब्द अधोरेखित करण्यासारखा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात आतुरालयाची सामग्री सांगताना औषधे व उपकरणांबरोबरच गीत-वाद्यात निपुण व कथाकथनात कुशल माणसे जवळ असावीत असे म्हटले आहे. माणसे, हे ध्यानात घ्यावे. शिवाय ती रुग्णाचे मन जाणणारी हवीत.

एल-दाब १९५० मध्ये अमेरिकेस गेले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले. न्यूयॉर्क येथील कोलंबिया-प्रिन्स्टन विद्युत्-संगीत केंद्रात त्यांनी १९५९ मध्ये ‘लैला अँड द पोएट’ ही रचना केली. ती १९६४ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आली. आधार लैला-मजनूच्या कथेचा. मजनू हा शब्द आपण प्रेमवीरासाठी थट्टेने वापरतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ ‘जिन्नाने पछाडलेला’, अर्थात् वेडा. म्हणजे १९४४ चा झार आणि १९५९ ची लैला, दोहोंच्या मुळाशी आगंतु उन्मादच आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या साठाव्या अध्यायात वर्णिलेला गंधर्वग्रहाने ग्रस्त मनुष्यही गीत, गंध आणि माळा यांत रमणारा, नदीकाठी व उपवनांत हिंडणारा असतो, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

वायूचा संबंध तर याहून चमत्कारिक आहे. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर झारच्या शक्तींना ‘बाद’ म्हणतात. बाद म्हणजे वारा. फारसीतील हा शब्द आणि संस्कृतातील ‘वात’ हे एकाच मुळाचे. घुलामहुसेन साएदी या इराणी लेखकाने, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते, १९६६ मध्ये या विधीवर पुस्तक लिहिले. त्याच्या ‘अहल-ए-हवा’ या नावाचा अर्थ ‘वाऱ्याची माणसे’ असा होतो. सुदानमध्येही या शक्तींना तांबडा वारा असे नाव आहे. यावरून झार म्हणजे वातज उन्माद अशी उडी कोणी मारू नये. शब्दाचे कुळ सिद्ध झाल्याने संप्राप्ती सिद्ध होत नाही. आपल्या लेखांत अशा उड्या फार होतात.

आधुनिक मनोविकारशास्त्राने झारची दखल घेतली ती अशी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या चौथ्या आवृत्तीत, १९९४ मध्ये, संस्कृतिबद्ध विकारांच्या सूचीत झारचा समावेश झाला. स्थानिक लोक यास विकृती मानीत नाहीत, अशी नोंदही तेथे होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही सूची नऊ नावांवर आली. झार गळले. ‘धात’ मात्र राहिले. तरुण मुले संकोचत ज्या तक्रारी घेऊन आपल्या दवाखान्यात येतात, तेच हे धात. एवढ्या एका कारणासाठी तरी वैद्यांनी ती सूची डोळ्यांखालून घालावी.

चरकाचार्यांची भूमिका या बाबतीत निःसंदिग्ध आहे. निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात ते सांगतात की देव, गंधर्व, पिशाच हे स्वस्थास आपणहून क्लेश देत नाहीत. मूळ प्रज्ञापराधात शोधावे. तरीही चिकित्सास्थानात कल्याणक घृत व महापैशाचिक घृताबरोबर ते दैवव्यपाश्रय उपायांनाही जागा देतात आणि शोक, भय, काम इत्यादींनी झालेल्या उन्मादात सांत्वन व विपरीत भावांची योजना सांगतात.

व्यवहारात याचा अर्थ काय? ‘अंगात येते’ म्हणून रुग्ण आणल्यास नातेवाइकांशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. कोणत्या प्रसंगी येते, कोणत्या वाद्यावर, कोण समोर असताना, एकटी असताना येते काय, नंतर आठवते काय, हे विचारावे. ताल व समूह यांच्याशी बांधलेले आणि त्याबाहेर न येणारे ‘अंगात येणे’ एक. आणि एकांतात कानी पडणारे आवाज, झोप व आहार तुटणे, जीव देण्याची भाषा, जीभ चावली जाणारा झटका हे सर्वस्वी वेगळे. दुसऱ्या गटातील रुग्ण त्याच दिवशी तज्ज्ञाकडे गेला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर पदवीधारकास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हटले आहे, केवळ बी.ए.एम.एस. असलेल्या आपणा बहुसंख्यांस नाही. तसेच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती रुग्णाच्या घरच्यांना शांतपणे द्यावी, विशेषतः भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण होत असल्यास.

हलीम एल-दाब २०१७ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अमेरिकेत निवर्तले. कैरोमध्ये झार आता मुख्यतः रंगमंचावर उरला आहे. ‘मझाहेर’ नावाचा संच ‘मकान’ या छोट्या सभागृहात तो सादर करतो. जुन्या पठडीतील स्त्रिया गातात, खुरांचा कंबरपट्टा खुळखुळतो, आणि श्रोते तिकीट काढून खुर्च्यांवर बसलेले असतात.